खाली

रविअण्णा,

उद्या तू इन्नंबूरहून येणार. आपल्या लहानपणची ती विज्ञानाची मालिका दारासुरमच्या पोरांना दाखवणार, आणि तिच्यातलं हिंदी त्यांना तमिळमधून माझी लेक कीर्ती सांगणार. ग्रहणाचा भाग वगळ, असं मी तीनदा म्हटलं. तू हसलास.

तेव्हा हिंदीचा अर्थ मी सांगायचे. मराठी बोलणाऱ्यांना हिंदी येतंच, असं अख्ख्या गल्लीला वाटायचं, मलाही. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, ‘खाली आँखों से मत देखिए.’ मी ऐटीत सांगितलं, खाली बघू नका, मान वर करून बघा. तू अंगणात गेलास आणि ग्रहण सुटेपर्यंत सूर्याकडे बघत राहिलास. तेव्हापासून तुला अक्षर दिसत नाही.

आप्पांनी मालिकेला शिव्या घातल्या. तू म्हणालास, मालिका चुकायची नाही, मीच नीट ऐकलं नाही. त्याच विश्वासावर विज्ञानाचा मास्तर झालास.

उद्या कीर्ती बरोबर सांगेल: नुसत्या डोळ्यांनी बघू नका.

त्याआधी हे पत्र तुला कळायला हवं. पण अण्णा, तुझी सगळी पत्रं तुला मीच वाचून दाखवते.

तुझी धाकटी,
श्रीविद्या