सुमनचं डोकं आणि सोमवार

संगमनेर, सोमवार, १५ नोव्हेंबर १९७१

सुमन आज पुन्हा शाळेतून डोकं धरूनच आली. डावीच बाजू. उजेड नको, बोलणं नको, मग उलटी. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. म्हणाल्या, "सोमवार मोडू नको गं पोरी, म्हादेव बरं करंल." डोकेदुखी थांबावी म्हणून उपास त्यांनीच धरायला लावलाय. पण हल्ली दुखतं तेही सोमवारीच! उपाशी पोटामुळे असेल? मग तिच्या वर्गातल्या बाकीच्या उपासवाल्या मुली कशा हुंदडतात? हिचंच का?

संध्याकाळी दोघी उपास सोडायला बसलो. तिनं विचारलं, "आई, तू डोळे का मिटून घेतेस?"

लहानपणापासून मीही सोमवार धरते. उपासाला माझीही डावीच बाजू ठणकते. बायकांचं दुखायचंच, असं धरून चालले होते. हिला ते माझ्याकडूनच आलं असणार, उपास ते फक्त उठवतो.