अक्कोचा हमाम आणि आपला कुंभकर्ण

बाबा, मी अक्कोला जाऊन आले. कुठं आलं हे म्हणाल, तर इस्रायलमध्ये. समुद्राच्या काठचं फार जुनं गाव आहे, तटबंदीच्या आतलं. तुमच्या नकाशात इंदूरच्या पश्चिमेला हातोद होतं आणि हातोदनंतर एकदम मुंबई, म्हणून सांगितलं. मुलीला पीथमपूरच्या बसमध्ये एकटीला बसू द्यायचं की नाही यावरून आपल्या घरात आठवडाभर तोंडं फुगली होती. तीच मुलगी परक्या देशात भाड्याच्या व्हॅनमध्ये अनोळखी माणसांत दाटीनं बसून गाव बघायला गेली, भरपूर हिंडली आणि धडधाकट परत आली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको.

कंपनीनं पाठवलं होतं. शेतातल्या ठिबक सिंचनाच्या नळ्या तयार करणारं मशीन तिथून घेतलं, ते शिकायला आम्ही दोघं गेलो: मी आणि आमच्या प्लांटमधला एक तरुण इंजिनियर. तोही आपल्या इंदूरचाच, मराठी, म्हणजे आपण सगळे बोलतो तसली अर्धी हिंदी मराठी बोलणारा. मी त्याची साहेब आहे, हेही ऐकून ठेवा. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या माणसानं सगळ्यांना विचारलं की स्वतःच्या हातानं बनवलेलं पहिलं मशीन कोणतं. कुणी पंप म्हणालं, कुणी रेडिओ. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, काही नाही. मला त्या उत्तराचा फार राग आला, संध्याकाळपर्यंत धुमसत होते. पण तोंडातून तेच निघालं, कारण तुम्ही माझ्याकडून तेच पाठ करून घेतलं होतं.

शनिवारी तिकडं सुट्टी असते. आगगाडीसुद्धा बंद. म्हणून हैफाहून व्हॅन करून आम्ही अक्कोला गेलो. बाबा, काय गाव आहे! दगडी तट सरळ समुद्रात उतरलेला, त्याच्यावर मासे धरणारी माणसं गळ टाकून बसलेली, हिरव्या घुमटाची मशीद, आणि बाजारात इतकी गर्दी की मला आपल्या सराफ्याची आठवण झाली. जमिनीखाली आणखी एक गाव आहे. जुन्या सरदारांचे मोठमोठे दगडी दिवाणखाने मातीनं भरून टाकले होते, वर लोकांनी घरं बांधली, आणि मग कधीतरी ती माती उपसून काढली. आमचा इंजिनियर म्हणाला की इंदूरची आपली बंद पडलेली कापडाची मिलही लोकांना अशीच खोदून काढावी लागेल. तेव्हा मी हसले. मिलची यंत्रं भंगारात गेलेली मी पाहिली आहेत. आता तिथं खोदून काय सापडणार?

मग आम्ही हमामात गेलो. हमाम म्हणजे गावाचं न्हाणीघर, घुमटाचं, घुमटाला काचेची गोल भोकं, त्यातून ऊन आत उतरतं. ते कधीच बंद पडलंय. आता तिकीट काढून बघायचं. आत माणसांचे पुतळे बसवलेत: कुणी पाय सोडून बसलाय, कुणी कुणाची पाठ चोळतोय, आणि मधल्या तापायच्या दगडावर एक जाडजूड शेठ उताणा पडलाय. कानाला लावायचं यंत्र देतात, त्यात एक आवाज तिथं काम करणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो, त्याच्या बापाची, आज्याची, पणज्याची. बंद पडलेल्या जागेत पुतळे मांडून कामगारांची आठवण काढणं. बाबा, हे मला कोण नवं सांगणार होतं? मी त्या शेठजवळ जाऊन उभी राहिले आणि त्याच्या पोटाकडं बघत बसले. पोट हलत नव्हतं. लोक पुढच्या खोलीत गेले तरी मी तिथंच. आमचा इंजिनियर परत मला शोधत आला.

तुम्हाला कळलंच असेल मी काय बघत होते. मिल बंद पडली त्या वर्षी अनंत चतुर्दशीला झांकी काढायची की नाही यावर गेटवर किती वाद झाले. प्रत्येक मिल आपली झांकी काढते, ट्रॉलीवर देवादिकांचे पुतळे, दिवे, मोटरीवर हलणारे हातपाय, मागे मिलचे कामगार, आणि बघायला सगळं शहर रस्त्यावर. पण मिलच नाही तर झांकी कशाची? तुम्ही म्हणालात, काढायचीच. तुम्ही खात्यातले फिटर, तुमचा शब्द चालायचा. कुंभकर्ण करायचा ठरला, झोपलेला, भोवती ढोल बडवणारे राक्षस. पुतळा तयार झाला, पण त्याला हलवायचं कसं ते जमेना. मोटर लावली की पोट भात कांडल्यासारखं धडाधड वरखाली व्हायचं, बघणारे हसायचे. तुमचे हात त्या दिवसांत थरथरायला लागले होते आणि बाकीच्यांचं मन लागत नव्हतं. मी तेव्हा नुकतीच आयटीआय पास झालेले. तुम्ही मोटर घरी आणलीत आणि मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून ते काम केलं.

ट्रकच्या वायपरची मोटर, सायकलची चेन आणि एक लाकडी चाक. चाक गोल ठेवलं तर श्वास यंत्रासारखा येतो. मी ते एका बाजूनं कानशीनं घासून चपटं केलं. मग पोट सावकाश वर यायचं, सावकाश खाली जायचं, आणि तळाशी क्षणभर थांबायचं, झोपलेल्या माणसाचं थांबतं तसं. सगळे म्हणाले, हुबेहूब. हे कुठून शिकलीस म्हणून तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर सांगितलं असतं की तुमच्याकडं बघून. आयुष्यात कधी दिवसा न झोपलेला माणूस मिल बंद झाल्यापासून रोज जेवून उताणा पडून झोपत होता. मी समोर बसून चाक घासत होते, आणि तुमचं पोट वर आलं की बघायची, खाली गेलं की बघायची. तो श्वास तुमचा होता. मला तेव्हा तुमची इतकी कीव यायची की रडू फुटेल असं वाटायचं. आणि त्याच दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की माझ्या हातात काहीतरी आहे.

चतुर्दशीच्या संध्याकाळी ट्रॉलीच्या पोटात मोटरीजवळ कुणीतरी बसायला हवं होतं. मी तयार होऊन गेटवर आले. तुम्ही मला सगळ्यांदेखत परत पाठवलंत. म्हणालात, इथं मिलचा माणूस बसेल, तू आईबरोबर जाऊन बघ. मी आणि आई कृष्णपुऱ्याला होळकरांच्या छत्र्यांजवळ उभ्या राहिलो. तुमचा कुंभकर्ण आला, आणि बाबा, एकदाही अडकला नाही. बिघडला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं, खरंच वाटलं. लोक टाळ्या वाजवत होते, लहान पोरं श्वास मोजत होती. दुसऱ्या दिवशी बक्षीस जाहीर झालं, तुमच्या गळ्यात हार पडला, आणि पेपरवाल्यानं विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत की हे आमच्या फिटिंग खात्यातल्या पोरांचं काम. मी तुमच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

घरी आल्यावर मी विचारलं. आई भाजी चिरायची थांबली. तुम्ही रागावला नाहीत, तेच जास्त लागलं. तुम्ही म्हणालात, "झांकी मिलची आहे बेटा. मिलवाल्यांचे हात अजून चालतात, एवढंच शहराला दाखवायचंय. तिथं तुझं नाव घेतलं तर आमच्याजवळ काय उरलं?"

बाबा, तेव्हा मी गप्प बसले, आता उत्तर देते. तुमच्याजवळ काय उरलं होतं ते मला कुणी सांगायला नको होतं, मी रोज दुपारी समोर बसून बघत होते. तुमची मिल गेली, पगार गेला, मान गेला, हे सगळं खरं. पण म्हणून माझं होतं ते उचलून त्या खड्ड्यात टाकायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? तुमच्या हातांचं शहराला कळायला हवं होतं आणि माझ्या हातांचं आपल्या शेजारणीलासुद्धा कळायला नको होतं. हा हिशेब मला तेव्हा पटला नाही आणि आज माझे केस पांढरे झाले तरी पटत नाही. पुढच्या वर्षी तुम्ही मोटर कागदात गुंडाळून ओट्यावर आणून ठेवलीत. मी ती बाजूला सरकवली आणि पोळ्या लाटायला घेतल्या. मी तोवर पीथमपूरच्या कारखान्यात कामाला लागले होते. त्या वर्षी तुमच्या झांकीतले पुतळे हलले नाहीत. तुम्ही घरी येऊन म्हणालात, गर्दी बरी होती. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात, तरी मी माझा शब्द बदलत नाही.

तर हमामात मी त्या पुतळ्यांजवळ उभी. तिथल्या दारात एक म्हातारे गृहस्थ बसले होते, गावातलेच. मी त्यांना माझ्या इंग्रजीत विचारलं की बायकाही इथं अंघोळीला यायच्या का. ते म्हणाले, हो तर, त्यांचे दिवस वेगळे असायचे. मग त्यांची पाठ कोण चोळायचं, म्हणून विचारलं. ते म्हणाले, बायकाच, त्याच कामगारांच्या घरातल्या असतील. नाव ठाऊक आहे का कुणाचं? त्यांनी खरंच आठवून बघितलं, भले माणूस होते, आणि मग मान हलवली. इतक्या लांब येऊन, तिकीट काढून, मला तुमचंच गेट पुन्हा भेटलं.

दुपारी तटावर बसून जेवलो. तिथं हरभरे वाटून त्यात तीळ नि तेल घालून देतात, हमस म्हणतात, रोटीबरोबर खायचं. आमच्या इंजिनियरनं पिशवीतून शेवेची पुडी काढली आणि त्यावर भुरभुरवली. इंदूरचा माणूस शेवेशिवाय परदेशात जात नाही. दुकानदार आधी चमकला, मग चिमूटभर उचलून खाल्ली आणि आणखी मागितली. आम्ही खूप हसलो. आणि त्या हसण्यात मी एकदम म्हणून टाकलं की मिल बंद झाली त्या वर्षीचा कुंभकर्ण मी केला होता.

तो खाता खाता थांबला. म्हणाला, "तो कुंभकर्ण? ज्याचं पोट हलायचं? मॅडम, मी पप्पांच्या कंधेवर बसून पाहिला होता ना! मी रडायला लागलो होतो की हा जागा झाला तर. पण तो तर मिलच्या फिटरांनी बनवला होता."

"नाही. मी बनवला," मी म्हटलं. "एकटीनं. आमच्या स्वयंपाकघरात."

समोर समुद्र होता, आजूबाजूला इंदूरचं दुसरं कुणी नव्हतं, तरी बोलण्याआधी मी मागं वळून बघितलं होतं.  मग त्यानं चाक कसं कापलं, चेन कुठं लावली, सगळं विचारून घेतलं, आणि मी नॅपकिनवर काढून दाखवलं. त्याला पटलं की नाही, हे मी विचारलं नाही. पोट भरून जेवले. सोमवारी त्या शिकवणाऱ्या माणसाला गाठलं आणि सांगितलं की माझं त्या दिवशीचं उत्तर चुकलं होतं.

इंदूरला आल्यावर त्या पोरानं गावभर केलं. मग तुमच्या मिलचे दोन म्हातारे माझ्या घरी आले, एक तुमच्या शेजारच्या लेथवरचे काका. झांकी अजून काढतात ते, वर्गणी मागून, दरवर्षी. पुतळे हलवणारं कुणी उरलं नाही, म्हणून तू कर म्हणाले. मी चहा दिला आणि सांगितलं की करते, पण ट्रॉलीत मोटरीजवळ मी बसणार आणि समोरच्या पाटीवर माझं नाव लागणार. काकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "बेटा, ये मिल की झांकी है. इसमें किसी का नाम नहीं लगता."

मी म्हटलं, "तो फिर झांकी भी मिल ही हिला ले, काका."

ते उठून जातील असं मला वाटलं. पण दुसरे म्हातारे आधी हसले, मग काकाही. तुमचं नाव कुणी काढलं नाही. जाताना काका एवढंच म्हणाले की पाटी पेंटरला सांगतो.

काल पाटी रंगवून झाली. पेंटर समोर बसूनच रंगवत होता. माझं नाव आणि आडनाव, एवढंच लिही म्हणून मी त्याला बजावलं होतं. तो म्हणाला, तुम्हा मराठी लोकांत बीच में पिताजी का नाम आता है ना? मी म्हटलं, येतं, पण इथं नाही लावायचं. त्यानं नाही लावलं. उद्या चतुर्दशी आहे, मी ट्रॉलीत बसणार आहे, आणि शहर माझं नाव वाचणार आहे. हे कागद कपाटात राहतील, तुम्हाला पाठवायचा पत्ता माझ्याजवळ नाही आणि असता तरी मी पाठवले नसते. फक्त एक आहे. पेंटरनं सवयीनं माझ्या नावाच्या आणि आडनावाच्या मधे एका नावाइतकी जागा सोडली. रंग ओला होता, पुन्हा लिही म्हटलं असतं तर त्यानं लगेच लिहिलं असतं. मी म्हटलं नाही.