कुलपाची चाल

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नापास! दोन दिवस वाट पाहिली, नवरोबा गुणगुणले नाहीत. चाल कचऱ्यात.

लेक फोनवर म्हणाली, "आई, चांगली होती गं, का टाकलीस?" आता तिला काय सांगू! माझी परीक्षा मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, ह्यांना तर नाहीच. जाहिरातींच्या इतक्या चाली केल्या, सगळ्या तिच्यातूनच गेल्या. सकाळी हे दाढी करत असले की बाहेरच्या खोलीत पेटी काढायची, चाल शब्दांसकट दोनदा म्हणायची, अगदी सहज केल्यासारखी. मग गप्प बसायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत न्हाणीघरातून नाहीतर जिन्यातून ती बेसूर होऊन परत आली, की पास! ह्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणूनच तर! गाणं कळणारा माणूस चालीची चिरफाड करत बसतो. न कळणाऱ्याच्या डोक्यात ती पथारी पसरून मुक्कामाला राहते. आणि जाहिरातीला मुक्कामच हवा असतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नव्या चालीची आठवण करायला धाकटे शेठ येऊन गेले. कुलपांचा कारखाना आता ते बघतात. वडिलांच्या वेळेपासून त्यांच्या जाहिराती माझ्याकडे. बाकीची गिऱ्हाइकं एकेक करून पांगली, हे एवढं एकच उरलंय. हेही गेलं तर पेटीवर नुसती धूळ बसायची.

"मावशी, महिनाअखेर नवी चाल द्या. नाहीतर ऑफिसातली पोरं कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत करून देतात." आणि वर — "तसंही हल्ली जिंगल लक्षात कोण ठेवतं?"

हे म्हणून झालं, दाराशी बूट घालायला वाकले, आणि माझीच जुनी कुलपाची चाल गुणगुणायला लागले! त्यांचं त्यांना कळलंही नाही. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

देणार. अशी देणार की झोपेत म्हणतील.

रविवार, ९ फेब्रुवारी

दुसरीही नापास.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

तिसरी. स्टुडिओतला रेकॉर्डिंगवाला म्हणतो, "ताई, काल रात्री जेवताना हीच तोंडात. बायको वैतागली." त्याचं काय धरायचं! दिवसभर तेच कानाला लावून बसलेला असतो. मला ह्यांचंच प्रमाणपत्र हवं.

घरात वेगळाच वैताग. मी बाजारात गेलेली, गॅसवाला बेल वाजवून वाजवून परत गेला. नवरोबा आत पेपरात डोकं घालून! विचारलं तर म्हणे, "आला होता? असं होय." पेपर सुटता सुटत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

हे डबा विसरले म्हणून ह्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात द्यायला गेले. पंखे, मिक्सर, शिवणयंत्राच्या मोटारी — टेबलावर बोट ठेवायला जागा नाही. पूर्वी पंखा नुसता फिरवला की लगेच सांगायचे, बेअरिंग गेलंय. आज बघते तर मोटारीवर तळहात ठेवून, डोळे मिटून बसलेले! गिऱ्हाईक समोर उभं म्हणून केवढी नाटकं. मी म्हटलं, "आशीर्वाद देताय का तिला?" हसलेही नाहीत.

पण जाणं फुकट गेलं नाही. घरी परतून दार ओढलं — खटक्! तिथेच उभी राहिले. तीन चाली केल्या, तिन्हीत कुलपाची तारीफ होती, कुलूप नव्हतं. शहाणपणा नडला माझा. पिशवी कुठे टाकली कोण जाणे, सरळ पेटीशी जाऊन बसले.

दार ओढा, कडी घाला,
खटक्! — लावलं की झालं!

बस, एवढीच. ठोका बरोबर "खटक्"वर. दुसऱ्या खेपेला "लावलं की —" म्हणून मी थांबते. "झालं" म्हणतच नाही. ऐकणाऱ्याची जीभ ते स्वतःच म्हणून टाकते. अर्धवट सोडलेलं माणसाला सोसवत नाही, सगळी गंमत तिथे आहे.

ही पास होणार. पैज!

सोमवार, १७ फेब्रुवारी

शनिवारी वाजवली, काल वाजवली, आज पेटीचा भाता फुटेल इतक्या जोरात वाजवली. वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरताना "खटक्" म्हणत दर पायरीवर पाय आपटत होत्या. लेकीला फोनवर एकदाच ऐकवली तर "लावलं की —"ला पलीकडून तिनेच "झालं!" म्हटलं.

हे गप्प. गालाला साबण लावून आरशात बघत गप्प.

शेठना अजून पाठवलेली नाही. ह्यांच्या पाससकट पाठवेन, नाहीतर नाही. हट्ट तर हट्ट.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज पेटी उघडलीच नाही. राग होता. चहा समोर ठेवून पहिल्यांदाच तोंडावर विचारलं, "आजची चाल कशी वाटली?"

"फक्कड! कालच्याहून छान."

"अहो, आज मी वाजवलीच नाही!"

माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेले.

रडले. खरंच रडले. म्हणजे माझं गाणं ह्यांच्या लेखी नुसती किरकिर झाली की काय? तोंडदेखलं "छान" म्हणून वाटेला लावायची? इतक्या वर्षांत असं कधी वागले नाहीत. शेठ राहू देत बाजूला, आता प्रश्न माझा आणि ह्यांचा आहे. उद्या दुकानात जाऊन स्वतः म्हणून दाखवणार. चारचौघांत. ऐकवल्याशिवाय हलणार नाही!

गुरुवार, २० फेब्रुवारी

मागच्या दाराने दुकानात शिरले. हे पाठमोरे, खाली मान घालून मोटारीचे स्क्रू पिळत होते. मागे उभी राहून खड्या आवाजात अख्खी चाल म्हटली. काउंटरपलीकडची बाई दचकली, मग हसली. शेजारचा चष्मेवाला दारात येऊन उभा राहिला. हे वळले नाहीत.

पुन्हा म्हटली. वीतभर अंतरावरून, होता नव्हता तेवढा आवाज लावून. हे स्क्रू पिळत राहिले.

कशीबशी वळसा घालून समोर गेले. माझी सावली टेबलावर पडली तशी मान वर केली, चेहरा खुलला. "अगं, कधी आलीस?"

"आत्ताच," म्हटलं. सावकाश, ओठ नीट हलवून.