चादरीवर न पडलेले रंग

बाबा, आपल्या चाळीमागच्या चर्चमधली ती मोठी रंगीत खिडकी पुढच्या महिन्यात काढणार आहेत. तिथे भिंत बांधून एसी बसवायचाय. तुम्ही घडवलेली ती शेवटची खिडकी, म्हणून फादरनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं.

गिरणी बंद पडल्यावर तुम्ही कांजूरमार्गला काचा कापायला लागलात आणि तिथून चर्चच्या खिडक्यांपर्यंत पोचलात. सकाळी गणपतीला जास्वंद वाहायची आणि दिवसभर मेरीमातेच्या निळ्या शालीचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. आई चिडवायची, "दोन घरचा पाहुणा उपाशी हं!" जुन्या काळी परदेशात लोकांना वाचता यायचं नाही, म्हणून देवाच्या गोष्टी काचेत सांगत, हे मला तुमच्याकडूनच कळलं. काच वितळतानाच तिच्यात रंग मिसळतात, म्हणून पिढ्या गेल्या तरी तो उतरत नाही, हेही. काम संपलं की तुम्ही खिडकीकडे बघायचाच नाहीत. आईची पांढरी चादर जमिनीवर पसरून उन्हाची वाट बघत बसायचात. तुकडा चुकला असेल तर तो चादरीवर कळतो म्हणे. मला अजून दिसतं, लहानगी मी वर बघत उभी आहे आणि तुम्ही ओरडताय, "काच काय बघतंस गो? उजेड बघ!" मग ऊन येतं, चादर निळी, लाल, मधासारखी पिवळी होते. मी पाय पुढे करते, तर पाय निळा. घरी आई कडाडली होती, "पाहुण्यांसाठी ठेवलेली चादर चर्चात नेऊन लोळवली!"

काल सकाळी मी तशीच एक चादर घेऊन चर्चमध्ये गेले. बसून बसून पाय आखडले, चादर पांढरीच राहिली. काच शाबूत आहे बाबा, तुम्ही बसवलेला एकही तुकडा हललेला नाही. पण पूर्वेला आपली चाळ पाडून टॉवर झालाय आणि ऊन तिथेच अडतं. फादर म्हणाले, "मागून ट्यूबलाइट लावून बघितली गं, दातांच्या दवाखान्यासारखं दिसतं. काळ्याठिक्कर काचेला लोक किती दिवस जपणार, तूच सांग ना." मला भयंकर राग आला, पण काढू कोणावर? तुम्ही गेल्यावर टॉवरसाठी चाळीतल्या सगळ्यांनी हौसेने सह्या केल्या. मीही केली. आता काही होण्यासारखं नाही.

चाळीत आईचं स्वयंपाकघर इतकं अंधारं होतं की भर दुपारी बल्ब लावून ती तांदूळ निवडायची. माझं स्वयंपाकघर त्याच टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर, पूर्वेला आहे. तुमच्या खिडकीच्या वाटणीचं ऊन आता सकाळी माझ्या ओट्यावर येतं, साधं, बिनरंगाचं. त्याच ओट्यावर हे लिहितेय. कुठे पाठवायचं नाहीच, तर खरं सांगून टाकते. ते ऊन बघून वाईट वाटायला हवं ना? मी रोज चहा घेऊन त्यात बसते, आणि मला बरं वाटतं.