दोन्ही गावांत चालणारा पॉवर सप्लाय

प्रिय दोरिव्हाल,

आपल्या जासीच्या वाढदिवसाला तू फ्लोरियानोपोलिसहून पाठवलेलं गेमिंग कॉम्प्युटरचं खोकं पोचलं. काच शाबूत, दिवे शाबूत, फक्त मशीन काही सुरू होईना. तुझ्या गावातल्या गेमिंग संघाची, घरूनच ऑनलाइन द्यायची निवड-चाचणी तोंडावर आलेली, आणि पोरगी बटण दाबदाबून रडकुंडीला आली. मी मागचं झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला. अरे माणसा, नुसता दोनशे वीस व्होल्टचा पॉवर सप्लाय! बेलेंमध्ये जन्मलास, लग्नानंतर माझ्याच दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकांना शहाणपण शिकवायचास, आणि इथल्या भिंतीत एकशे सत्तावीसच येतात हे विसरलास? दक्षिणेत राहून डोकंही दोनशे वीसवर गेलं का तुझं?

असो. माझ्या हाताखाली आलेलं मशीन बंद राहत नाही, हे तुला ठाऊक आहे. मागे व्होल्टेज बदलायचा लाल खटका असलेला सप्लाय दुकानात पडून होता, पण तो मी घेतला नाही. खटका फिरवायला माणूस हमखास विसरतो, आणि एकशे सत्तावीसवर ठेवून तुमच्याकडे जोडला की धडाम. म्हणून बिव्होल्ट घातला, स्वतःच ओळखून दोन्हीकडे चालणारा. शिवाय गरजेपेक्षा दांडगा. ग्राफिक्स कार्ड ऐन लढाईत एकदम हिसका मारतं, तेव्हा काठोकाठ बसवलेला सप्लाय मान टाकतो. पैसे वाचवायचे तर दिव्यांत वाचवावेत, यात नाही.

आणि तुझं ते पाण्याचं कूलिंग! दिसायला झकास, मान्य. पण बेलेंच्या या घामट हवेत मला पंपाचा भरवसा नाही. पंखा बिघडला तर कुरकुर करून सांगतो, पंप मुकाट मरतो. मी प्रोसेसरवर जाडजूड पत्र्यांचा, मोठ्या पंख्याचा कूलर बसवला आणि पेटीत पुढून हवा आत, मागून बाहेर अशी वाट करून दिली. जासी म्हणाली, "आई, हे म्हणजे पेटीत ट्रकचं इंजिन कोंबल्यासारखं दिसतंय." म्हटलं, दिसू दे, चाचणीत तुझं डोकं तापलं तरी याचं तापणार नाही. आणि नाहीच तापलं! सगळे डाव खेळून ती उठली ती थेट माझ्या गळ्यात. निवडली गेली रे आपली पोर. त्या दिवशी गल्लीत सगळ्यांना आसाईच्या फळांचा गर आणि तळलेले मासे खायला घातले मी.

आता खरी गोष्ट. संघाला शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय, आणि ती नाही म्हणतेय. तिकडे राहायचं, जेवायचं, सराव करायचा, सगळी सोय ते करताहेत, तरी नाही. आधी म्हणे दुकानाचं शटर जड आहे, तुला एकटीला झेपायचं नाही. मी तिच्यासमोर एका हाताने ओढून दाखवलं. मग म्हणे, "मशीन बिव्होल्ट असेल, आई, मी नाहीये." त्यावर मी हसले. जा म्हणून जरा जोर लावला, तर डोळे भरून विचारते, "तुला नकोशी झालेय का मी?"

शेवटी परवा भांडी घासता घासता, पाठमोरी असताना बोलून गेली. "बाबांच्या गावात जाऊन राहायचं आणि बाबांनी एकदाही ये म्हटलेलं नाही. खोकं पाठवलं त्यांनी, बोलावणं नाही पाठवलं." दोरिव्हाल, मी तुला दोष द्यायला हे लिहीत नाहीये. तुला भीती वाटते, माझ्या हातून पोर काढून घेतली असं व्हायला नको, म्हणून तू गप्प बसतोस. मला कळतं ते. पण मी एकटी राहून मरत नाही. दुकान आहे, गल्ली आहे, माझं तोंड आहे. या घरात माझ्याशी भांडून जिंकलेला माणूस अजून जन्मायचाय. तेव्हा माझी काळजी सोड. आता वस्तू पाठवू नकोस, फोन कर. मला नाही, तिला. शुक्रवारच्या आत. संघाचं, मशीनचं, माझं काही बोलू नकोस. फक्त म्हण, "जासी, ये. मला तू इथे हवी आहेस."

कधीकाळी तुझीच असलेली,
इव्हानिल्दे