जाळं पुन्हा सोडण्याआधी

प्रिय आई,

धाकटा पारस हे वाचून दाखवेल तेव्हा हातातलं काम बाजूला ठेव, आणि मधे मधे त्याला 'पुढं काय, पुढं काय' करू नकोस. सकाळपासून मी डेकवर नुसत्या येरझाऱ्या घालतेय. दुपारी जाळं पुन्हा समुद्रात सोडायचं, नाहीतर बंदर आलं की सामान घेऊन उतरायचं, एवढंच माझ्यापुढं आहे.

आमचं जहाज तुला माधवनगरच्या गिरणीसारखं वाटेल, सतत काहीतरी घरघरत असतं. खाली आवाज सोडून समुद्रतळाचे डोंगर पडद्यावर उमटवणारं यंत्र आहे. पोलादी दोरावर बाटल्यांचं कडं उतरवतात. हव्या त्या खोलीवर एकेक बाटली आपोआप मिटते आणि तिथलंच पाणी वर आणते. नांगर न टाकता जहाज लाटांत एका जागी उभं राहतं. मला मात्र एका जागी बसवत नाही.

माझं काम बारीक जाळ्याचं. ते पाण्यातून ओढायचं, त्यात आलेले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव फॉर्मॅलिनमध्ये घालून मोजायचे. म्हणजे मारूनच, आई. काल बादलीत ते वळवळताना दिसले. आपल्या जैन रीतीनं पाणी गाळल्यावर तू फडक्यावर राहिलेले बारीक जीव, ती जिवाणी, मळ्यातल्या त्याच विहिरीत, बादली पाण्याला टेकवून हळूच सोडतेस ना, माझे हात तसेच वळले. अर्धी बादली दोरीनं उतरवून समुद्रात सोडली. कुणाला विचारलंही नाही.

मोजणी निम्म्यावर आली. आमचे प्रमुख वीरधवलसाहेब उंब्रजचे; चिडले की इंग्रजी विसरतात. म्हणाले, "आगं, आता समदं पुन्हा वडायला लागणार! तुझ्या दयेपायी दुप्पट जीव जाणार, कळतंय का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "जमत नसंल तर सांग. मी राग धरणार न्हाई." ओरडले तेव्हा नाही, पण ह्या बोलण्यानं मला रडू फुटलं.

आई, मी जाळं सोडणार आहे. मासे याच जिवांवर जगतात, म्हणून समुद्र कुठं उपाशी पडतोय ते या मोजणीवरून कळतं, आणि मला हे काम आवडतं, खरंच आवडतं. पण हे ऐकून तू काय करशील तेही मला ठाऊक आहे. माझं प्रायश्चित्त म्हणून तू उपवास धरशील, आणि तुला इन्सुलिन सुरू आहे हे कुणाला बोलूही देणार नाहीस. म्हणून आधी हे पत्र. पारससमोर बसून जेव. हे पाप माझ्या नावावर राहू दे, तेवढं तरी माझं मला वाहू दे.

तुझीच,
ब्राह्मी