लिनोलियमच्या तपासनिसाची रंगवही

कर्कॉडी,
११ जानेवारी २०१६

ती. नेटाताईस,
धाकट्या एवनचा सा. न. वि. वि.

तू विणलेले मोजे पोचले. एक मोजा दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब आहे. हल्ली माझाही एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड पडतो, तेव्हा माप घेऊनच विणलेस असं धरून चालतो.

बातमी फारशी चांगली नाही. खुब्याच्या ऑपरेशनआधीची तपासणी गुरुवारी झाली. नर्सबाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला आणि पुन्हा फुगवला. एकशे अठ्ठ्याहत्तर. एकशे साठच्या खाली आल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. ते ऐकून रक्तदाब आणखी चढला असणार, पण तिसऱ्यांदा पाहायचं धाडस दोघांनाही झालं नाही. २० एप्रिलला पुन्हा बोलावलंय. तोवर दाब उतरला तर मे महिन्यात खुबा बदलतील, नाहीतर रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. म्हणजे या उन्हाळ्यात तुझ्याकडे येणं बोटीसकट बुडालं.

गोळ्या वाढवल्या आहेत. शिवाय मन शांत ठेवा म्हणतात. ही आज्ञा ऐकताच शोना दुकानात गेली आणि बापासाठी चित्रं रंगवायची वही व छत्तीस पेन्सिली घेऊन आली. पहिल्या पानावर घुबड आहे. एकाहत्तराव्या वर्षी माझ्या लेकीने मला बालवाडीत घातलं, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. हसून झालं की उत्तर पाठव.

मॅग्नसभावोजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्यावा, दाब मात्र उतरो ही प्रार्थना.

तुझा,
एवन

*

स्ट्रॉमनेस,
१९ जानेवारी २०१६

चि. एवन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसून झालं. दोन दिवस लागले.

मोज्यांचं म्हणशील तर मॅग्नसला दर दहा मिनिटांनी आपण कुठे आहोत ते सांगावं लागतं. सांगता सांगता टाके चुकतात. तो मजेत आहे. काल मला म्हणाला की तुम्ही फार छान बाई आहात, तुमचं लग्न झालंय का. म्हटलं, झालंय, पण नवरा बरा आहे.

त्या वह्यांची साथ आमच्या बेटावरही आली आहे. टपाल कचेरीतली बाई गिऱ्हाइकाला उभं ठेवून मोराचं एक पीस पुरं करते आणि मगच तिकीट फाडते. चांगल्या शहाण्या बायका रंगवतात, तेव्हा तू लाजू नकोस. तुमच्या ग्रंथालयात रंगवणाऱ्यांचं मंडळ असेलच, तिथे जा. घरात एकटा बसलास तर काय होईल ते मला ठाऊक आहे. अडतीस वर्षं तू लिनोलियमच्या, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या नक्षीदार जाजमांच्या, कारखान्यात तपासनीस होतास. फुलाचा रंग पाकळीच्या बाहेर केसभर गेला की अख्खी गुंडाळी परत पाठवायचास. तुला आराम कर म्हटलं तर तू आरामाचीही तपासणी करशील.

आणि एक. तुला पाहून चार वर्षं झाली. मला मॅग्नसला सोडून येता येत नाही, आणि तू म्हणतोस की स्वतःच्या पायांनी ताठ चालत येईन, नाहीतर येणार नाही. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, एवन. तेवढं लक्षात ठेव आणि रंगव.

शोनाला गोड पापा. तुझ्यावरचा लोभ कमी करून पाहिला, होत नाही.

तुझी,
नेटाताई

*

कर्कॉडी,
२४ फेब्रुवारी २०१६

ती. नेटाताईस,
सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा पाळली. दर मंगळवारी अकराला ग्रंथालयात जातो. नऊ बायका आणि मी. पहिल्या दिवशी मी भिंग, पोलादी पट्टी, दोन टोकयंत्रं आणि खोडरबराचे तीन प्रकार मांडले, तर शेजारच्या बाईंनी विचारलं की ऑपरेशन इथेच करणार का.

घुबडाला नऊ दिवस लागले. त्याच्या छातीवर दोनशे चौदा पिसं आहेत. एकाही पिसाचा रंग शेजारच्या पिसात गेलेला नाही. मात्र दात आवळून बसल्यामुळे माझा जबडा दुखू लागला आणि मान उजवीकडे वळेना. घुबडाआधी दाब एकशे चौसष्ट होता, घुबड संपल्यावर एकशे एक्क्याऐंशी. शोना म्हणते, बाबा, जगात आराम करून आजारी पडलेले तुम्ही पहिलेच. कारखान्यात यंत्रांच्या गोंगाटात मी एवढा थकत नव्हतो.

मंडळाची एक पद्धत मात्र जिवावर येते. टेबलाएवढा एक कागद आहे, त्यावर आपलं गाव, बंदर, बोटी, चर्च, सगळं नुसत्या रेषांत. दर मंगळवारी चहानंतर तो पसरतात. प्रत्येकाने समोर येईल तो भाग दहा मिनिटं रंगवायचा, घंटा वाजली की डावीकडच्या खुर्चीवर सरकायचं. म्हणजे माझ्या वाट्याला कायम कुणीतरी अर्धवट सोडलेलं येतं. कुणाचं आकाश चर्चच्या छपरात शिरलेलं, कुणाचा समुद्र बोटीत. बंदराच्या कोपऱ्यात तर तांबडा रंग असा सांडलाय की बंदराला आग लागल्यासारखं दिसतं. आणि बायका बिस्किटं खात म्हणतात, वा, किती छान! ईस्टरला हा कागद ग्रंथालयाच्या दर्शनी दालनात, सगळ्या गावासमोर टांगणार आहेत.

घड्या पडू नयेत म्हणून या खेपेस कागद मी घरी आणलाय. सपाट ठेवायला आमचं जेवणाचं टेबल बरं आहे.

भावोजींना सांग की तुम्ही स्ट्रॉमनेसमध्येच आहात. लोभ रेषेच्या बाहेर गेला तरी माझी हरकत नाही.

तुझा,
एवन

*

कर्कॉडी,
१३ मार्च २०१६

ती. नेटाआत्यास,
शोनाचा शि. सा. न. वि. वि.

बाबांनी तुला काय कळवलं आहे ठाऊक नाही, म्हणून मीच लिहिते. त्यांना सांगू नकोस.

बाबांनी मंडळाचा मोठा कागद सपाट ठेवायला म्हणून घरी आणला आणि चार दिवस त्यावर बसले. एका बारीक ब्रशने, पांढऱ्या रंगाने, जिथे जिथे कुणाचा रंग रेषेबाहेर गेला होता तिथे तिथे त्यांनी तो झाकला. मग वर नवी रेघ मारली. मला वाटलं, मन रमतंय तर रमू दे. मीही मूर्खच.

मंगळवारी त्यांनी कागद मोठ्या ऐटीत उलगडला. शाबासकी मिळेल अशी खात्री होती. बायकांनी हातातली बिस्किटं खाली ठेवली. सगळ्यात जास्त दुरुस्ती बंदराच्या कोपऱ्यात होती, आणि तो कोपरा इसोबेल रॅमसेबाईंनी रंगवलेला. त्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो. मंडळातल्या सगळ्यांना ते माहीत आहे. बाबा पाच आठवडे त्यांच्या समोर बसत होते, पण त्यांनी कागदाकडे पाहिलं, हाताकडे नाही. इसोबेलबाई रागावल्या नाहीत. पेन्सिली डब्यात भरायला त्यांना बराच वेळ लागला, मग त्या घरी गेल्या. त्यानंतरच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. बाबाही गेले नाहीत.

आता ते दिवसभर खिडकीशी बसतात. शुक्रवारी मी स्वतः मोजला तेव्हा दाब एकशे शहाऐंशी होता. नर्सबाईंनी रोजचा दाब लिहायला वही दिली आहे, तिच्यात मात्र सगळे आकडे अगदी सुरेख आहेत. मला त्याचीच भीती वाटते. आत्या, ते तुझं ऐकतात. काहीतरी लिही.

काकांना नमस्कार. आमच्यावर माया आहेच, थोडी आगाऊ पाठव.

तुझी,
शोना

*

स्ट्रॉमनेस,
१८ मार्च २०१६

चि. एवन यास,
आशीर्वाद आहेत, पण आज राखून ठेवते.

मला कुणी काही कळवलेलं नाही. बेटावर राहणाऱ्या बायकांना वाऱ्यावरून कळतं असं समज.

दुसऱ्याचं काम न विचारता दुरुस्त करायची तुझी जुनी खोड आहे. माझ्या लग्नाच्या केकवरची फुलं वाकडी आहेत म्हणून तू सुरीने सरळ केलीस, आणि पाहुण्यांना वाटलं की केक आधीच कुणी खाल्ला. तेव्हा मी हसले, कारण माझ्याकडे दुसरंही बरंच काही होतं. सगळ्यांकडे असतं असं नाही.

रॅमसेबाईंच्या घरी जा. फुलं नेऊ नकोस. कारखान्यात लिहायचास तसा मुद्देसूद खुलासाही नेऊ नकोस. चुकलो म्हण. तेवढ्याला टोक काढावं लागत नाही.

मॅग्नसला आज माझं नाव आठवलं, सकाळी दोनदा. दुसऱ्यांदा आठवलं तेव्हा ते किंचित चुकलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

जाऊन आलास की कळव, मग राखून ठेवलेले आशीर्वाद पाठवते.

नेटाताई

*

कर्कॉडी,
२१ एप्रिल २०१६

ती. नेटाताईस,
सा. न. वि. वि. आशीर्वाद मिळावेत इतपत केलं आहे की नाही ते तूच ठरव.

ईस्टरच्या आधी इसोबेलबाईंकडे गेलो. दार उघडताच त्यांनी विचारलं की तपासनीस आज काय नापास करायला आले. चुकलो, असं मी म्हटलं. पुढची चार वाक्यं पाठ केली होती, ती उंबऱ्यातच विसरलो, आणि बरंच झालं. त्यांनी आत घेतलं. चहा त्यांनीच ओतला, बशीत जास्त आणि कपात कमी. माझा हात किटलीकडे जाणार होता, तो मी मांडीखाली दाबून बसलो.

मग त्यांनी सांगितलं. कोटाची बटणं मुलगा लावतो. दुकानातली पोरगी पर्समधून नाणी स्वतःच मोजून घेते. चर्चमध्ये शेजारीण प्रार्थनेचं पुस्तक धरते. सगळे मायेनेच करतात, त्यामुळे ओरडताही येत नाही. मंगळवारचा तो कागद तेवढा असा होता की जिथे कुणी त्यांचं काम हातातून काढून घेत नव्हतं. आणि तिथे तुम्ही ब्रश घेऊन आलात, म्हणाल्या.

मग त्यांनी शिक्षा सुनावली. समोर कागद ठेवला, त्यावर कोंबडा होता. डाव्या हाताने रंगवा म्हणाल्या, आणि पट्टी दिसली तर घराबाहेर काढीन. ताई, मी तो कोंबडा रंगवला. त्याचा तुरा टेबलावर गेला. शेपूट बघून त्यांनी विचारलं की हे फुलकोबीचं पीक आहे का, आणि इतक्या हसल्या की खुर्चीला धरावं लागलं. पाच मिनिटांनी मीही हसायला लागलो. त्या दिवशी दाब मोजायचा राहूनच गेला.

पुढच्या मंगळवारी त्या आल्या आणि माझ्या पांढऱ्या रंगावर त्यांनी सगळ्यांदेखत पुन्हा तांबडा फासला, आधीपेक्षा जास्त. कागद तसाच टांगला. बंदर अजून जळतंय.

आता कालचं. माझ्या वहीतले आकडे खोटे होते. एकशे बावन्न, एकशे पन्नास, असे सरळ रांगेत. नर्सबाईंच्या यंत्रावर एकशे अडुसष्ट आला, तरी त्या म्हणाल्या की दवाखान्यात पुष्कळांचा चढतो, घरचे आकडे चांगले आहेत, तेच धरू आणि मेची तारीख नक्की करू. पेन उचललं होतं त्यांनी. तुझं घर मला दिसायला लागलं होतं. आणि मी सांगून टाकलं. खरे आकडे कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, तिथेच आहेत, वर पांढरा रंग दिलाय, नखाने खरवडा. बाईंनी खरवडलं. एकशे त्र्याऐंशी. एकशे एक्क्याऐंशी. त्या म्हणाल्या, वीस वर्षांत इतकं नीटनेटकं खोटं पाहिलं नाही. भूल दिल्यावर टेबलावरच काही झालं असतं तर हे सुंदर आकडे कुणाच्या कामाचे, असंही त्यांनी सुनावलं.

तारीख गेली. आता हिवाळ्याआधी काही नाही. गेल्या आठवड्याचे खरे आकडे एकशे सत्तरच्या आसपास आहेत, म्हणजे उतरतोय, पण लंगडत.

हे सगळं लिहायला तीन दिवस धीर केला असता तर पत्र आणखी सुवाच्य झालं असतं. असंच पाठवतो.

लोभाची तारीख तरी पुढे ढकलू नकोस.

तुझा,
एवन

*

स्ट्रॉमनेस,
२७ एप्रिल २०१६

चि. एवन यास,
राखून ठेवलेले सगळे आशीर्वाद, व्याजासकट.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मॅग्नसला मोठ्याने वाचून दाखवलं. कोंबड्यापाशी तो खूप हसला आणि म्हणाला की हा माणूस मजेशीर दिसतो, याला बोलवा ना.

मग बोलावते. हिवाळ्यापर्यंत थांबायला मला सांगू नकोस. हिवाळ्यात मॅग्नसला कोंबडा तरी कळेल का, मला माहीत नाही. ताठ चालत येणारा भाऊ मला पन्नास वर्षं मिळाला. आता लंगडणारा चालेल.

वाट पाहते, एवढंच.

तुझी,
नेटाताई

*

कर्कॉडी,
६ मे २०१६

ती. नेटाताईस,
सा. न. वि. वि.

येत्या शुक्रवारी संध्याकाळच्या बोटीने येतो. शोना थर्सोपर्यंत, म्हणजे आगगाडी संपते तिथवर, सोबत आहे, पुढच्या प्रवासासाठी बोटवाल्यांना मी स्वतः फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारलं की चढ-उताराला मदत लागेल का. चार वर्षं मी या प्रश्नाला नाही म्हणायची तयारी करत होतो. लागेल म्हटलं. तिने पुढच्याच दमात विचारलं की खिडकीजवळची जागा देऊ का, जणू काही मी काही विशेष बोललोच नव्हतो.

तेव्हा धक्क्यावर दोन धडधाकट माणसं मला चाकांच्या खुर्चीतून, एखाद्या लिनोलियमच्या गुंडाळीसारखं, उतरवताना दिसतील. तुला जे काही हसायचं असेल ते तिथेच, सगळ्यांसमोर हस. घरी पोचेपर्यंत दाबून ठेवू नकोस. दाबाचं मी भोगतोच आहे.

भेटीअंती लोभ प्रत्यक्षच तपासता येईल.

तुझा,
एवन